चाळीस मिलिमीटरसाठी तीस कोटी: सोलापूरच्या चार रस्त्यांचा प्रस्ताव

चेंबरच्या झाकणावर स्टीलची पट्टी उभी धरली. रस्त्याची पातळी आली अकरा सेंटिमीटरवर. जुन्या पेठेतल्या एका वळणावरची ही मोजणी. अकरा सेंटिमीटर म्हणजे डांबराचे किमान दोन-तीन थर, आणि प्रत्येक थराच्या वेळी कोणीतरी म्हटलेलं असणार, ‘चेंबर नंतर उचलू.’ शेजारचा हार्डवेअरवाला बाहेर आला.

‘काय साहेब, परत डांबर टाकलालेत का?’

‘अजून पैसेच मागायचेत.’

‘मग मागताना आमच्या उंबऱ्याचं पण लिवा की. रस्ता वर आला, दुकान खाली गेलं.’

त्याचा उंबरा खरोखरच रस्त्यापेक्षा वीतभर खाली होता. सोबतच्या कनिष्ठ अभियंत्यांना मी तेवढंच वहीत टिपायला सांगितलं, कारण प्रस्तावाच्या ठरलेल्या नमुन्यात उंबऱ्यासाठी रकाना नसतो.

नोकरीत असताना मी वर्षानुवर्षं रस्त्यांची अंदाजपत्रकं केली आणि दुसऱ्यांची तपासली. आता नव्या अभियंत्यांचे वर्ग घेतो, त्यात चार रस्त्यांच्या डांबरीकरणासाठी राज्याकडे अनुदान मागण्याचं हे प्रकरण सोडवायला देतो. रस्ते सोलापूरचे आहेत, योजना आणि नियम प्रत्यक्षातले आहेत. प्रस्ताव मात्र वर्गासाठी रचलेला आहे, त्यातली लांबी-रुंदी आणि कोटींचे आकडे हिशोब कळावा म्हणून धरलेले आहेत.

मागणी काय आहे

चार रस्ते. सात रस्ता ते विमानतळाकडे जाणारा होटगी रोड, ४ किमी. पत्रकार भवन ते सैफुल हा विजापूर रोडचा पट्टा, साडेतीन किमी. शांती चौकातून अक्कलकोट रोड एमआयडीसीकडे, ३ किमी. आणि गावठाणातला माणिक चौक, विजापूर वेस, पंचकट्टा असा दीड किमी. पहिले तीन सरासरी १४ मीटर रुंद धरले, शेवटचा ७ मीटर. एकूण क्षेत्र दीड लाख चौरस मीटरच्या थोडं वर, नेमकं सांगायचं तर १,५७,५००.

यावर ४० मिमी बिटुमिनस काँक्रीटचा, म्हणजे डांबर-खडीच्या मिश्रणाचा, थर टाकायचा म्हटलं की ६,३०० घनमीटर माल लागतो. वजनात तो सुमारे १५ हजार टन. एका हायवात, म्हणजे मोठ्या डंपरात, २० टन धरले तर साडेसातशेच्या वर खेपा, आणि मालात ५.४ टक्के डांबर धरलं तर आठशे टनांहून जास्त नुसतं डांबर. वर्गात हा हिशोब मी फळ्यावर करायला लावतो. ‘रस्त्यांचं पुनर्डांबरीकरण’ हे दोन शब्द कागदावर फार हलके दिसतात.

खालचा थर, जुना पृष्ठभाग खरवडणं, चेंबर, कडेची गटारं आणि वर १८ टक्के जीएसटी धरून प्रस्ताव ३० कोटींवर नेऊन ठेवू. महापालिकांच्या कामांवर पूर्वी १२ टक्के जीएसटी होता, जुलै २०२२ पासून तो १८ झाला. जुनं अंदाजपत्रक तारखा बदलून पुढे सरकवणाऱ्याला हे सहा टक्के हमखास आडवे येतात.

शहर पैसे का मागतं

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे सार्वजनिक रस्ते बांधणं आणि राखणं हे महापालिकेचं बंधनकारक कर्तव्य आहे. त्यामुळे मंत्रालयातल्या टेबलावरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: जे काम कायद्याने तुमचंच, त्याला राज्याने पैसे का द्यावेत?

‘निधीअभावी’ हा शब्द प्रत्येक प्रस्तावात असतो आणि तो कोणी वाचत नाही. खरं उत्तर आकड्यांत द्यावं लागतं. सोलापूर नगरपालिका १८५२ची, महापालिका १९६४ची. १९९२च्या हद्दवाढीने शहर १७८ चौरस किलोमीटरवर पसरलं, आणि २०११च्या जनगणनेत लोकसंख्या होती ९,५१,५५८. म्हणजे पसारा मोठा, आणि त्यावर कर भरणारी वस्ती विरळ. गिरण्या बंद झाल्या, यंत्रमाग आणि विडी यांवर जगणाऱ्या वस्तीची घरपट्टी ती किती येणार? जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना माफ झाला. २०१७ पासून जीएसटीची भरपाई दरमहा राज्याकडून येते, दरवर्षी ८ टक्के वाढीने. ती भरवशाची आहे, पण पगार आणि पेन्शन भागवून रस्त्याला काय उरतं ते महापालिकेच्या स्वतःच्या अर्थसंकल्पात दिसतं. तेच पान प्रस्तावाला जोडा, असं मी सांगतो. मुलं कचरतात. त्यांना वाटतं आपली झाकली मूठ उघडेल. पण समोरच्या टेबलावरच्या माणसाने ते पान आधीच पाहिलेलं असतं.

आणखी एक कारण हल्ली जोडता येतं. खड्ड्यामुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख रुपये आणि जखमींना इजेप्रमाणे भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला. त्यामुळे रस्ता न केल्याचाही आता खर्च धरावा लागतो. शिवाय सोलापूर राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमातल्या, म्हणजे हवेतली धूळ मर्यादेबाहेर असलेल्या शहरांच्या यादीत आहे. उखडलेल्या कडेवरून ट्रक गेला की काय उडतं ते अक्कलकोट रोडला दुचाकीवर मागे राहिलेल्याला विचारा.

रस्ता कोणाचा

हा भाग कंटाळवाणा आहे, पण प्रस्ताव इथेच परत येतात. विजापूरकडे जाणारा महामार्ग पूर्वी क्रमांक १३ होता, आज ५२ आहे. पुणे-हैदराबाद पूर्वी ९, आता ६५. शहर वाढत गेलं तसे महामार्गांचे आणि सार्वजनिक बांधकाम खात्याचे पट्टे शहराच्या पोटात आले. हस्तांतरणाचं पत्र फाइलला नसेल तर दुसऱ्याच्या रस्त्यासाठी आपण अनुदान मागतोय असा त्याचा अर्थ होतो. नगर भूमापनाचा नकाशा, विकास आराखड्यातली रुंदी आणि हस्तांतरणाचा कागद, एवढं जोडायचं आणि पुढे जायचं.

कोणत्या दारावर

राज्याकडे एकच खिडकी नाही. आमदारांच्या शिफारशीने ‘महानगरपालिका क्षेत्रात मूलभूत सोयी-सुविधांचा विकास’ या शीर्षाखाली पैसे येतात. ते गल्लीबोळांत वाटले जातात, चार मोठे रस्ते त्यात बसत नाहीत. जिल्हा वार्षिक योजनेतून पालकमंत्र्यांच्या सहीने येणारा निधीही तुकड्यातुकड्यांचा. केंद्राच्या वित्त आयोगाच्या पैशातला मोठा वाटा पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला. मोठ्या रस्त्यांसाठी उरतं ते महाराष्ट्र सुवर्णजयंती नगरोत्थान महाअभियान, २०१० पासून चालत आलेलं. सोलापूर ड वर्ग महापालिका आहे. ड वर्गाला या अभियानात राज्य ७० टक्के देतं आणि ३० टक्के महापालिकेने घालायचे.

आमच्या ३० कोटींत राज्याचे २१ आणि शहराचे ९.

वर्गातली सगळी चर्चा २१ भोवती फिरते. मी पाऊण तास ९ वर घालवतो. हे नऊ कोटी कुठून येणार, कोणत्या लेखाशीर्षातून, कोणत्या महिन्यात? राज्याचा पहिला हप्ता आला आणि स्वहिश्शाची तरतूद फक्त कागदावरच असली की ठेकेदाराचं पहिलं बिल निघतं, दुसरं अडकतं, आणि प्लांटवरचा माल दुसऱ्या गावाला जातो. मग निम्मा रस्ता काळा, निम्मा खरवडलेला. खरवडलेल्या रस्त्यावर पाऊस पडला तर तो पूर्वीपेक्षा वाईट होतो, कारण आता त्याच्या अंगावर कातडीच नाही. मिळालेले पैसे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र देता येत नाही म्हणून पुढचा हप्ता नाही, आणि हप्ता नाही म्हणून काम नाही. या फेऱ्यात अडकलेली गावं मी पाहिली आहेत.

म्हणून आमच्या प्रस्तावात एक अट आम्हीच स्वतःवर घातली: स्वहिश्शाचं वेगळं बँक खातं आणि त्यात पहिल्या तिमाहीचे पैसे आधी जमा, मग निविदा. शासनाने मागितलं नसलं तरी.

ट्रकच्या दोन चाकांमधली काडी

थर ४० मिमीचाच का? बहुतेक अंदाजपत्रकांत याचं उत्तर ‘नेहमी तेवढाच टाकतात’ असं असतं, फक्त तसं लिहिलेलं नसतं.

थराची जाडी ठरवायला बेंकेलमन बीम नावाचं एक साधं, जुनं साधन आहे. दिसायला लांबलचक दांडी. ट्रकच्या मागच्या एक्सलवर ८,१७० किलो वजन घेतात, जोडचाकांच्या मधल्या फटीत दांडीचं टोक ठेवतात आणि ट्रक पुढे घेतात. २.७ मीटरवर एक वाचन, ९ मीटरवर दुसरं. वजनाखाली दबलेला रस्ता वजन गेल्यावर किती वर येतो ते डायलवर दिसतं. काटा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात हलतो. रस्ता श्वास सोडतो आहे असं पोरांना वाटतं, आणि ते काही फार चूक नाही. जास्त उचलला तर खालचा पाया मऊ आहे, वर नुसतं ४० मिमी टाकून भागणार नाही.

सोलापुरात याचं महत्त्व जास्त. खाली काळी माती. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. मोजणी मे महिन्यात केली तर रस्ता खोटा मजबूत दिसतो. इंडियन रोड्स काँग्रेसची आयआरसी ८१ ही संहिता ओलाव्याची आणि तापमानाची दुरुस्ती करायला सांगते. पण सोपा मार्ग म्हणजे पावसाळा संपता संपता मोजणं. सोलापूरचा जोराचा पाऊस सप्टेंबरात येतो, तेव्हा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा.

रहदारीची मोजणीही अशीच फसवते. एकदा एका रस्त्याची सात दिवसांची मोजणी मी जुलैत केली होती. आकडे व्यवस्थित आले, जाडी त्यावरून ठरली, आणि डिसेंबरात उसाचे ट्रॅक्टर सुरू झाले. एकामागे दोन ट्रॉल्या, दोन्ही कमानीसारख्या भरलेल्या. दीड वर्षात डाव्या बाजूला चाकोऱ्या पडल्या. चूक माझीच होती, दुसऱ्या कुणाच्या नावावर ती घालता येत नाही. होटगी रोडवर कुमठ्याला श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना आहे. तिथली मोजणी गळीत हंगामातच करायची आणि डांबराचा दर्जाही त्यावरूनच ठरवायचा. चाळिशीपार तापमान आणि उभी राहणारी जड वाहनं जिथे आहेत तिथे व्हीजी-४० हे जास्त घट्ट डांबर, बाकी व्हीजी-३०.

आधी नळ की आधी रस्ता

उजनीपासून सोलापूरपर्यंत ११० किमीची, रोज १७० दशलक्ष लिटर पाण्यासाठी आखलेली समांतर जलवाहिनी हा या शहराचा अनेक वर्षांचा ध्यास. चार-पाच दिवसांआड पाणी भरत आलेल्या घरांना त्याचं महत्त्व सांगायला नको. पण पाणी टाकीपर्यंत वाढलं की ते नळापर्यंत न्यायला गल्लोगल्ली वाहिन्या बदलाव्या लागतात, आणि वाहिन्या रस्त्याखालून जातात. ड्रेनेजचं तेच. त्यात गॅस आणि फायबरवाले खोदाईचं शुल्क भरून येतातच.

म्हणून आम्ही चारही रस्त्यांचे नकाशे टेबलावर पसरले आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवला. पाणीपुरवठ्याचं येत्या तीन वर्षांतलं काम लाल, ड्रेनेज तपकिरी, वीज आणि गॅस पिवळं. हे वर्गातलं काम, त्यामुळे रेषा कुठे येतील ते मीच आधी ठरवलं होतं, पण पोरांना ते माहीत नव्हतं. विजापूर रोडच्या साडेतीन किलोमीटरवर सलग लाल रेघ आली. खोली शांत झाली. चारांतला सर्वांत खराब रस्ता तोच धरला होता, सर्वांत जास्त तक्रारी त्याच्याच.

‘सर, हा काढला तर नगरसेवक, आमदार सगळे अंगावर येतील.’

येतीलच. मराठवाड्यातल्या एका नगरपरिषदेत असाच रस्ता कोणी काढला नाही. मार्चमध्ये कारपेट झालं, मे महिन्यात पाणीपुरवठ्याने मधोमध चर खणला, आणि दोषदायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने दोष स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, चालू असूनही ठेकेदार हात वर करून मोकळा झाला, कारण त्याच्या थराला हात दुसऱ्याने लावला होता. त्याचं म्हणणं कायद्याने बरोबर होतं. त्या चरावर मुरूम भरला गेला, आणि पुढची तीन वर्षं त्या रस्त्याला कोणीच मालक नव्हता.

विजापूर रोड वगळायचा नाही, मागे ठेवायचा. आधी वाहिनी, मग चर थराथराने दाबून भरणं, त्यावरून एक पावसाळा जाऊ देणं आणि त्यानंतर डांबर. तोवर खड्डे बुजवण्याचा खर्च महापालिकेच्या स्वतःच्या देखभाल निधीतून. हे प्रस्तावातच लिहायचं, कारण ‘सर्वांत खराब रस्ता का सोडला’ हा प्रश्न वर्तमानपत्र विचारायच्या आधी राज्य विचारतं.

तारखा

शासन निर्णय हातात पडतो तो बहुधा मार्चअखेर. मग निविदा, दरांची घासाघीस, कार्यादेश. तो निघतो जूनमध्ये, आणि आभाळ भरून आलेलं असतं. म्हणजे काम दसऱ्यानंतर. दसऱ्यानंतर तुळजापूरला पायी जाणाऱ्यांची कोजागरीची गर्दी, मग दिवाळी, मग ऊस.

गावठाणातल्या दीड किलोमीटरला आणखी एक तारीख आहे, आणि ती कोणाच्या सहीने हलत नाही. मकर संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात आणि या रस्त्यांवरून जातात. उंच, जड काठी कमरेच्या पट्ट्याच्या आधाराने एकटा माणूस उभी पेलतो आणि चालतो. त्याची नजर वर, काठीच्या टोकाकडे. पायाखाली काय आहे ते त्याला दिसत नाही, दोन्ही बाजूंचे सोबती सांगतील तेवढंच. चार सेंटिमीटर खाली गेलेलं चेंबर दुचाकीवाल्याला एक धक्का देतं. काठी पेलणाऱ्याच्या हातून तिथे तोल गेला तर भोवती हजारो माणसं आहेत. हे मी प्रस्तावात ‘सांस्कृतिक महत्त्व’ म्हणून घालू देत नाही, तांत्रिक अट म्हणून घालतो: या पट्ट्यावर चेंबर आणि रस्ता यांच्या पातळीत फरक चालणार नाही, आणि काम डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत पूर्ण.

मग ते रात्रीचंच काम. दिवसा माणिक चौकात डांबर पसरायचं यंत्र, पेव्हर, उभं करायला जागा नाही. डिसेंबरच्या रात्री माल लवकर थंड होतो. व्हीजी-३० चा माल पसरताना किमान १४० अंश हवा आणि रोलर ९० च्या खाली जाण्याआधी फिरून झाला पाहिजे. प्लांट गावाबाहेर, गल्ल्या अरुंद, मध्ये कुठे लग्नाची वरात. हायवा ताडपत्री घालूनच निघाला पाहिजे, आणि गाडी रिकामी करण्याआधी थर्मामीटर मालात खुपसलाच पाहिजे. १२० दाखवलं तर गाडी परत. वर्गात हे सगळे मान्य करतात. रात्री दोन वाजता, ठेकेदाराचा सुपरवायझर ‘साहेब, वरचाच थर गार झालाय, आत गरम आहे’ म्हणतो तेव्हा किती जण गाडी परत पाठवतात, ते मी विचारत नाही.

परत लिहिलेला प्रस्ताव

लांबी १२ किमीवरून साडेआठवर आली. पैसे त्या प्रमाणात कमी झाले नाहीत, कारण आता यात कामं जास्त आहेत. गावठाणात नव्या थराआधी जुने थर मशीनने खरवडून मूळ पातळी आणायची. त्याशिवाय हार्डवेअरवाल्याचा उंबरा वर यायचा नाही. पाणी कडेला जावं म्हणून मध्यापासून अडीच टक्क्यांचा उतार, आणि ते पाणी घ्यायला गटाराच्या तोंडाशी जाळ्या. होटगी रोडला सिग्नलपाशी, जिथे उसाच्या गाड्या थांबून राहतात तिथे, वेगळा जाड थर. त्रयस्थ तपासणी आणि प्रत्येक पट्ट्यावर कोअर, म्हणजे रस्त्याचा दंडगोल तुकडा, काढून जाडी व घनता बघणं. एकूण २४ कोटी: राज्याचे १६ कोटी ८० लाख, शहराचे ७ कोटी २० लाख.

नव्या यादीतला सर्वांत लांब कागद चेंबरांचा आहे. प्रत्येकाला क्रमांक, जागा, आजची पातळी, नव्या रस्त्याची पातळी, आणि उचलायचं की उतरवायचं. साडेआठ किलोमीटरसाठी ही यादी करायला चार जणांना नऊ दिवस लागले. एका मुलाने विचारलं, एवढं मंत्रालयात कोण वाचणार? मी म्हटलं, कोणी नाही. ही यादी निविदेला जोडायची आहे, म्हणजे चेंबर उचलल्याचं बिल वेगळं निघेल आणि न उचलल्याचं निघणार नाही.

हार्डवेअरवाल्याच्या दारातलं चेंबर त्या यादीत ४७ क्रमांकाला आहे. शेरा: उतरवणे लागू नाही, रस्ता ११ सेंमी खरवडणे.